तिसऱ्या शिट्टीचा नियम

११ सप्टेंबर, गुरुवार

मी पुण्याला जाणार नाही. आधी एवढं लिहून ठेवते, बाकीचं मग.

सोमवारी काय झालं ते मला शेजारच्या विमलाकडून कळलं, कारण झालं तेव्हा मी पुढच्या खोलीत सुडोकू सोडवत बसले होते. कुकरमधलं पाणी आटलं, शिट्ट्या वाजून वाजून थांबल्या आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. डाळ पार छताला. विमलाच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खिडकीपासून दोन हातांवर आहे. ती मागच्या दाराने धावत आली, गॅस बंद केला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा मला कळलं की माझ्या घरात काहीतरी घडलं. छतावरून गळलेली डाळ तिच्या केसांत होती.

तिनेच प्रशिकला कळवलं. माझा एकुलता एक मुलगा, मंगळवारी विमानाने आला. आज सकाळी परत गेला. जाण्याआधी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, तोंड उजेडाकडे करून. त्याचे ओठ मला बरोबर वाचता येतात. ते बोलायला शिकले तेव्हापासून मी पाहत आले आहे.

"आई, आता बस. दिवाळी झाली की पंचवीस तारखेला मी येतो. सामान ट्रकनं जाईल. घर भाड्यानं देऊन टाकू."

"अन् मी नाही म्हटलं तर?"

"तुले ऐकू येत नाही, आई. मान्य करून टाक ना."

मान्य न करायला काय झालं? माझ्या बाबांचं ऐकणंही चाळिशीतच गेलं होतं, माझं पन्नाशीनंतर गेलं. यंत्र लावलं की कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते नाही. पण ऐकू न येणं आणि घर न सांभाळता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे घर मी आणि ह्यांनी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वीस वर्षं काढून मग बांधलं. हे गेल्यावर पाच वर्षं मी एकटीने चालवलं.

एक गोष्ट मात्र फार खटकली. निघताना विमला फाटकाशी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून दोनदा काही बोलली. हा मान न वळवता गाडीत बसला. जिने आईला वाचवलं तिच्याशी दोन शब्द नाहीत. पुण्याला जाऊन पोट्टा गर्विष्ठ झाला.

१४ सप्टेंबर, रविवार

इंद्रजीतला बोलावलं. शंकर नगरला त्याचं इन्व्हर्टर आणि कॅमेऱ्यांचं दुकान आहे. नववीत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. अजूनही फाटकापासूनच हात जोडून जयभीम घालतो.

बहिऱ्या माणसांसाठी बेल वाजली की लुकलुकणारे दिवे मिळतात, हे मी वाचलं होतं. त्याने चारही खोल्यांत तसे दिवे लावले. प्रत्येक खोलीत माणूस हलला की ओळखणारा सेन्सर, दाराला बेल आणि स्वयंपाकघरात शिट्टी ओळखणारी काडेपेटीएवढी डबी. फोनही त्यालाच जोडला. सगळं मोबाइलमधल्या एका ॲपवर चालतं.

बेल दाबली तर चारही दिवे लुकलुकले. फोन आला, चारही लुकलुकले. कुकरची एक शिट्टी झाली, पुन्हा चारही. म्हणजे काय झालंय ते शोधायला मी घरभर पळायचं. मी म्हटलं, प्रत्येकाची खूण वेगळी हवी, मी असेन त्याच खोलीत हवी, आणि कुकरचा दिवा तिसऱ्या शिट्टीलाच लागायला हवा. इंद्रजीतने मोबाइलवर टाइप करून दाखवलं: मॅडम, यात एवढंच होते. जास्त नियम केले तर गुंता होऊन जाईल. तुम्ही आता आराम करा.

आराम करा म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्याच्या बोटाखालून एक पान सरकून गेलं होतं. मी मागे जायला लावलं. त्यावर लिहिलं होतं व्हेरिएबल. हे काय म्हणून विचारलं.

"ते इंजिनियर लोकांचं आहे, मॅडम."

"इंद्रजीत, बीजगणित तुले कोणं शिकवलं?"

तो हसला आणि पान उघडून फोन माझ्या हातात दिला.

गोंदियाच्या शाळेत मी शिकले तेव्हा पुस्तकात याला चल म्हणत. इथे हिंदी मुलखात येऊन शिकवायला लागले तर ते चर झालं. एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं आहे: ज्याची किंमत बदलते तो चल. आज पहिल्यांदा तो माझ्या घरात राहायला आला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पाच दिवस हेच चाललंय. जेवणाकडे लक्ष नाही.

इंद्रजीतच्या पद्धतीने गेलं तर चार खोल्या आणि तीन खुणा, म्हणजे बारा नियम. एक बदलायचा तर बाराही तपासा. म्हणून मी एक चल केला. त्याचं नाव "मी कुठे". ज्या खोलीत सेन्सरला हालचाल दिसेल त्या खोलीचं नाव त्यात जाऊन बसतं, आधीचं पुसलं जातं. मग नियम तीनच राहिले. बेल वाजली तर "मी कुठे"मध्ये जी खोली असेल तिथला दिवा पिवळा लुकलुकेल. फोन आला तर निळा. कुकर झाला तर लाल.

कुकरसाठी दुसरा चल, "शिट्ट्या". सुरुवातीला शून्य. दर शिट्टीला एक मिळवायचा. तीन झाले की लाल.

याच्यात इंजिनियर कुठे लागतो?

२० सप्टेंबर, शनिवार

पुढच्या खोलीत बसले होते. लाल दिवा लागला. जाऊन गॅस बंद केला. वरण अगदी हवं तसं शिजलं होतं. दोन वाट्या खाल्लं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तीन दिवस लिहिलं नाही, कारण लिहायची लाज वाटत होती.

रविवारी कुकर चढवला आणि पुढच्या खोलीत येऊन बसले. दिवा लागलाच नाही. मी दिव्याकडे पाहत बसले. बराच वेळ गेला आणि करपल्याचा वास आला. धावले, गॅस बंद केला. अजून पाच मिनिटं गेली असती तर पुन्हा विमला, पुन्हा छत.

खरं सांगायचं तर तेव्हा वाटलं, प्रशिकचंच बरोबर आहे. बॅगेत साड्या भराव्यात आणि जावं. तासभर ओट्याला टेकून उभी होते.

मग मोबाइल उघडून "शिट्ट्या"त पाहिलं तर आकडा होता अकरा. शनिवारचे तीन मी पुसलेच नव्हते. रविवारी मोजणी चारपासून सुरू झाली, आणि माझा नियम म्हणत होता बरोबर तीन. चारनंतर तीन कसे येतील? मुलांच्या वह्यांत मी असली चूक लाल शाईने गोल करून दाखवत असे. आता दिवा लागून झाला की "शिट्ट्या" पुन्हा शून्य, आणि तीनच्या जागी तीन किंवा जास्त.

काल डाळ कच्ची निघाली. शोधलं तर डबी विमलाच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजत होती. आणखी एक चल केला, "कुकर", हो किंवा नाही. मी कुकर चढवला की ओट्याजवळचं बटण दाबायचं, तेव्हा तो हो होतो, लाल दिवा लागून गेला की आपोआप नाही. नाही असेल तर शिट्टी मोजायचीच नाही. तरी दोघींचे कुकर एकाच वेळी असले तर काय, याला उपाय सापडेना. म्हणून विमलाकडे गेले. ती माझ्या फोनमध्ये बोलली आणि अक्षरं उमटली: हव, मी माझा साडेअकराला चढवत जाईन. पण एवढा उपद्व्याप काहून? मी शेजारी आहे ना. शिट्टी झाली की येऊन सांगीन.

चांगल्या मनाने म्हणाली. मी नको म्हटलं. मला दुसऱ्याच्या कानांवर दिवस काढायचे नाहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार

पांढरी साडी नेसून विहारात गेले होते. वंदना, भाषण, मग जेवण. भाषणातलं एक अक्षर कळलं नाही, पण सगळ्यांबरोबर उभी राहिले, बसले. प्रत्येक जण विचारत होता, कधी निघताय. प्रशिकने कोणाकोणाला सांगून ठेवलंय कोण जाणे. मी सगळ्यांना सांगितलं, निघत नाही.

दिव्यांचं कळवल्यापासून प्रशिकचे रोज मेसेज. आधी आठवड्यातून एकदा फोन करायचा आणि मी यंत्र कानाला दाबून हो हो म्हणत असे, आता फोन नाहीच. आणि प्रश्न तरी किती! दिवा लागायला किती सेकंद लागतात? उजेडात दिसतो का? एकाच वेळी दोन खुणा आल्या तर? टेबलावर मान खाली घालून काम करत असताना कोणी मागून हाक मारली तर कसं कळेल?

मागून कोण हाक मारणार मला? मी एकटी राहते. वकिलासारखा उलटतपासणी घेतोय. एखादी खोट सापडावी म्हणून. मीही प्रत्येकाला मुद्देसूद उत्तर दिलं.

रुचिताचा, सुनेचा, मेसेज आला की हल्ली ते घरी फार बोलत नाहीत, काही विचारलं की चिडतात, तुमच्याशी लिहून तरी बोलतात, बरं वाटतं. म्हणजे माझ्यावरचा राग त्या बिचारीवर निघतोय.

६ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी लाइट गेली आणि आली. त्यानंतर बेलवाला दिवा कुठेच लागेना. गॅस सिलिंडरवाला परत गेला. पाहिलं तर "मी कुठे" रिकामा. लाइट गेल्यावर माझी आठवण कोणालाच राहिली नव्हती. नवा नियम: "मी कुठे" रिकामा असेल तर चारही दिवे लावा. इंद्रजीतला सांगून सगळं इन्व्हर्टरवरही घेतलं. तो म्हणाला, मॅडम, हे माझ्या दुसऱ्या गिऱ्हाइकांना लावू का? म्हटलं, आधी पाठ कर.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज प्रशिकला सरळ लिहिलं. तू पंचवीसला ये, ट्रक सांगू नको. तीन दिवस माझ्या घरात राहा. कोणी मला खुणावायचं नाही, हात लावून सांगायचं नाही. एक बेल, एक फोन, एक शिट्टी चुकली तर मी स्वतः सामान बांधीन. एकही चुकली नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

दोन मिनिटांत उत्तर आलं: ठीक आहे.

रविवारी तो कधी इतक्या लवकर उत्तर देत नसे. मी सहज विचारलं, काम कसं चाललंय. तर म्हणे टीमचं प्रमुखपद सोडलं, मीटिंगा फार होत्या, आता एकट्याने करायचं काम मागून घेतलं आहे. एवढं शिकवलं, एवढा वर गेला आणि बेचाळिसाव्या वर्षी मीटिंगांचा कंटाळा. ह्यांनी तापात ड्यूट्या केल्या. लिहिणार होते, पण खोडलं.

पैज लावून बसले आहे खरी. एकही चुकायची नाही असं कशाला लिहिलं? एखादी सूट ठेवायला हवी होती. पण आता मागे घेणार नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आला. ट्रक नाही, पण बॅगेत घडी केलेले पुठ्ठ्याचे खोके घेऊन आला आहे. वाळला आहे. दाढी वाढली आहे. रुचिताचं लक्ष असतं कुठे?

दिवसभर कागद पेन्सिल घेऊन माझ्या मागे मागे, मी ज्या खोलीत त्या खोलीत. चार बेला, दोन फोन, एक कुकर. एकही चुकला नाही. प्रत्येक वेळी दिवा लागला की तो माझ्याकडे न पाहता दिव्याकडेच पाहत राहायचा. मला वाटलं होतं चेहरा पडेल. पडला नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी अकराला कुकर चढवला, बटण दाबलं. प्रशिक म्हणाला, तू पुढं जाऊन बस, मी इथं बसून शिट्ट्या मोजतो, तुझी मोजणी बरोबर येते का पाहतो. मागच्या दाराजवळच्या पाटावर बसला, कुकरकडे पाठ करून, हातात मोबाइल. मी पुढच्या खोलीत चष्मा शोधत इकडून तिकडे फिरत होते. लाल दिवा लागला. तशीच आत गेले.

प्रशिक तसाच बसला होता. कुकर त्याच्या पाठीमागे तीन हातांवर, वाफ अजून उसळत होती. मी गॅस बंद केला आणि त्याच्या खांद्यावरून हात पुढे नेला. माझा हात दिसला तसा तो दचकून उभा राहिला.

"केव्हा आली तू?"

"तिसऱ्या शिट्टीले."

"शिट्टी झाली?"

हे त्याने मला विचारलं. मला.

मी त्याच्याकडे पाहत राहिले. फाटकाशी उभी असलेली विमला आठवली, न येणारे फोन आठवले, मीटिंगा, मागून मारलेल्या हाका. दीड महिना मी हे सगळं वाचत होते आणि एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला बेरीज करता आली नव्हती.

"डावा का दोन्ही?" मी विचारलं.

तो पुन्हा पाटावर बसला. मान वर करून, मला ओठ दिसतील असं म्हणाला, "डावा गेला. उजवा जाऊन राहिला."

एक गोष्ट लिहायची राहिली. तो हलत नव्हता आणि मी फिरत होते, म्हणून "मी कुठे"त माझी खोली होती. तो नुसता उठून पाणी प्यायला असता तर चल बदलला असता, दिवा त्याच्या डोळ्यांसमोर लागला असता, मी पैज हरले असते आणि हे मला कधी कळलं नसतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

काल दिवसभर आणि आजही बोलत होतो. तो बोलतो, मी पाहते. मी बोलते, तो उजवा कान पुढे करतो. शब्द अडला की दोघं कागदावर लिहितो.

दोन वर्षं झाली. रुचिताला सांगितलं नाही. ऑफिसात कोणालाच नाही. डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं, ते घेऊन कपाटात ठेवलं आहे. मी विचारलं, मग मला न्यायची एवढी घाई का?

"विमलाकाकूंनी छताचा फोटो पाठवला होता," तो म्हणाला. "त्यात मले तू नाही दिसली, आई. मीच दिसलो."

मग मी त्याला ते सांगितलं जे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी असंच लपवलं. प्रश्न विचारायचा असेल तर फळ्यावर येऊन लिही, असा नियम केला आणि सगळे म्हणाले, बाई किती कडक. गंधाली नावाची एक मुलगी होती, दहावीत, गणितात सगळ्यांत पुढे. एकदा सुटी झाल्यावर टेबलाशी आली, खाली पाहून काही बोलली. ओठ दिसले नाहीत. पुन्हा विचारलं असतं तर तिला कळलं असतं की मला ऐकू येत नाही. म्हणून मी मान डोलावली आणि म्हटलं, छान, जा. ती गेली ती शाळेत परत आलीच नाही. महिन्याने तिच्या मैत्रिणीकडून कळलं, लग्न लावून दिलं. मॅडम, घरी येऊन सांगा ना, मला शिकायचंय, असं म्हणायला आली होती. आणि मी छान म्हणाले.

मी रडले नाही. सोळा वर्षं झाली त्या गोष्टीला.

"लोक हसतील म्हणून लपवते माणूस," मी म्हटलं. "हसू दे. हसणाऱ्यानं तुझं काय घेतलं? लपवण्यानं माझी एक पोरगी गेली."

"नोकरी गेली तर?"

"तर भांडू. मी येईन भांडायले. मले तर त्यांचं ऐकूच येणार नाही."

दुपारी आम्ही दोघांनी मिळून ॲप उघडलं. घरात दोन माणसं असली की एका चलाने भागत नाही. त्याच्यासाठी वेगळा केला, "प्रशिक घरी", तो हो असेल तेव्हा मला चारही दिवे, आणि प्रशिकला दिव्याऐवजी मनगटावरचं घड्याळ थरथरेल असं केलं. त्याने पुण्याच्या घरासाठी आणि ऑफिसातल्या टेबलासाठी सगळे नियम उतरवून घेतले. "शिट्ट्या" शून्य करायला विसरू नको, असं मी तीनदा सांगितलं. सामान बांधायला आणलेले खोके त्याने विमलाला देऊन टाकले, तिला गोल बाजारातून आणलेली जादा भांडी माळ्यावर टाकायची होती.

संध्याकाळच्या विमानाने गेला. निघताना मी एवढंच म्हटलं, आज घरी गेल्यावर आधी रुचिताला. यंत्र कपाटातून काढून.

२९ ऑक्टोबर, बुधवार

रुचिताचा मेसेज. सांगितलं म्हणे. ती खूप रडली आणि मग खूप भांडली, दोन वर्षं लपवलं म्हणून. मी लिहिलं, अजून थोडी भांड, माझ्याकडूनही. आणि तुला मी मनात काय काय म्हणत होते, त्याबद्दल माफ कर. तिने विचारलं, काय म्हणत होतात? ते मी सांगणार नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गेले आठ दिवस विचारायचं नाही असं ठरवून विचारलं नव्हतं. ऑफिसातलं त्याने स्वतः करायचं होतं. मनात येई, फार बोलले का मी? माझी नोकरी तर होऊन गेली, पेन्शन चालू आहे. त्याची अजून अठरा वर्षं राहिली. घरात बसून दुसऱ्याला लढ म्हणणं सोपं आहे.

आज दुपारी साडेतीनला निळा दिवा लागला. प्रशिक. व्हिडिओ कॉल होता. ऑफिसच्या जिन्यात उभा होता, डाव्या कानामागे यंत्र, दुसरं उजव्याला. चित्र हलत होतं, म्हणून ओठ वाचता येईनात. मी हातानेच खूण केली, लिही.

त्याने लिहिलं: मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, आई. अकरा जणांसमोर. म्हटलं मले ऐकू येत नाही, माझ्याशी बोलायचं तर समोर येऊन बोला, आणि महत्त्वाचं असेल ते लिहून द्या.

मी विचारलं, मग? काय म्हणाले सगळे?

त्याने पुन्हा टाइप केलं:

कोणीच काही बोललं नाही. नाहीतर बोलले असतील, मले ऐकू नसेल आलं.

मी हसले. किती मोठ्याने ते मला कळत नाही, पण विमला तिच्या खिडकीत आली आणि हाताने विचारू लागली, काय झालं, काय झालं. जिन्यात तोही हसत होता, तोंड उघडं टाकून, लहान असताना हसायचा तसा. मी फोन उलटा करून खिडकीतून तिला दाखवला. म्हटलं, पाहा, माझा पोट्टा. आज अकरा जणांना गप्प करून आला.